वजनाचा काटा आणि कमरेचे माप

(मंडळाच्या मंठा येथील वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वार्षिक मेळाव्यात आरोग्यविषयक एक व्याख्यान ठेवावयाचे, ही आपल्या मंडळाने पाडलेली प्रथा स्तुत्य आहे. तथापि आत पंगतीची ताटे मांडली जात असताना वक्त्यास लठ्ठपणावर बोलावयास उभे करणे, ही त्याची परीक्षाच म्हणावयाची. जिलबीचा वास व्याख्यानापेक्षा बलवत्तर असतो हे मी जाणतो. म्हणून आरंभीच सांगून टाकतो की, आजच्या पंगतीस माझी आडकाठी नाही; वर्षातील एका जेवणाने कोणी लठ्ठ होत नाही. उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांविषयी मला बोलावयाचे आहे.

जालना, परतूर, जिंतूर, लोणार अशा ठिकाणांहून आपण येथे जमलो आहोत. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी शिलाईयंत्र आहे, आणि भिंतीच्या खिळ्यावर टेप लटकत आहे. माणसाच्या देहाचे माप घेणे हा आपल्या ज्ञातीचा पिढीजात व्यवसाय होय. गावात कोणाचे पोट सुटले, कोण आजारातून उठून रोडावला, हे वैद्याच्या आधी शिंप्यास कळते. असे असूनही आपल्या स्वतःच्या प्रकृतीचा विचार करताना आपण टेप खिळ्यावरच ठेवतो, आणि किराणा दुकानदाराप्रमाणे वजनाचा काटा हाती धरतो. वजनाविषयी घरोघर ज्या गैरसमजुती आहेत त्यांपैकी बहुतेकींच्या बुडाशी ही एकच गोष्ट आहे, असे माझे मत आहे.

ह्या समजुती आकाशातून पडलेल्या नाहीत. आपल्या वडीलधाऱ्यांस १९७२ चा दुष्काळ आठवत असेल. खडी फोडण्याच्या कामावर सुकडी मिळे, परदेशातून आलेल्या तांबड्या मिलो ज्वारीसाठी रांगा लागत. ज्या समाजाने अशी वर्षे पाहिली, त्याच्या भाषेत जाड असणे हा दोष कसा असेल? अंगाने भरलेल्या मनुष्यास आपण ‘खात्यापित्या घरचा’ म्हणतो. मूल गुबगुबीत झाले की त्याने बाळसे धरले म्हणतो. नव्या सुनेचे अंग वर्षभरात भरले नाही तर सासरच्या घराला बोल लागे. त्या काळी हे सर्व योग्यच होते, कारण अंगावरचे मांस ही पुढच्या दुष्काळाची शिल्लक होती.

आता वारे फिरले आहे. तरुण मंडळी, विशेषतः मुली, काट्यावरचा आकडा खाली आणण्याच्या मागे लागल्या आहेत. आजीला नात वाळलेली दिसते आणि नातीला आजी अडाणी वाटते. परंतु बारकाईने पाहिले तर दोघींचे माप एकच आहे. एकीला आकडा मोठा हवा, दुसरीला लहान हवा. आकड्यावरचा विश्वास मात्र दोघींचा सारखाच अढळ.

आता माझ्या दवाखान्यात आलेले एक उदाहरण सांगतो. नाव-गाव सांगण्याचे प्रयोजन नाही. वय तेहतीस, व्यवसाय शिलाईचा, वजन ५८ किलो, उंची पाच फूट पाच इंच. मित्र त्यास थट्टेने काडीपैलवान म्हणत. बोटात सुई गेली, ही गोष्ट आपल्या धंद्यात कोणी मोजतही नाही. परंतु तीन आठवडे झाले तरी जखम भरेना, म्हणून तो आला. रक्त तपासले तेव्हा मधुमेह निघाला, आणि तोही नवा नव्हे, बराच मुरलेला. त्याची आई सोबत होती. ती पुन्हा पुन्हा एकच विचारीत होती, “अहो डॉक्टर, ह्याच्या अंगावर मूठभर मांस नाही, ह्याला साखर कशी होईल? ती तर जाड्या माणसांना होते.” मी टेप काढून त्याच्या पोटाचा घेर मोजला. तो सदतीस इंच भरला. हात काडीसारखे, पाय काडीसारखे, आणि मध्ये सैल शर्टाखाली हे सदतीस इंच.

त्या माउलीच्या प्रश्नाचे उत्तर आपल्या महाराष्ट्रातच, पुण्यात, शोधले गेले आहे. ते आपणा सर्वांस ठाऊक असावे इतक्या मोलाचे असल्यामुळे त्यावर थोडा अधिक वेळ घेतो.

वजन आणि उंची ह्यांचा मेळ घालणारे एक गणित आहे. डॉक्टर त्यास बी.एम.आय. म्हणतात. किलोमधील वजनास मीटरमधील उंचीने एकदा भागावयाचे, आलेल्या उत्तरास पुन्हा उंचीने भागावयाचे. क्वेटले नावाच्या बेल्जियन गणितज्ञाने एकोणिसाव्या शतकात हे प्रमाण मांडले. ते त्याने रोगनिदानासाठी नव्हे, तर लोकसमूहाचा सरासरी मनुष्य कसा असतो हे पाहण्यासाठी मांडले होते. पुढे तेच जगभर लठ्ठपणाचे माप झाले. २५ च्या वर वजन जास्त आणि ३० च्या वर लठ्ठपणा, हा पाश्चात्त्यांचा दंडक होय.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्राध्यापक जॉन युडकिन ह्या दोघा मित्रांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात आपले दोघांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले. दोघांचाही बी.एम.आय. अगदी एकच, २२.३. कोणत्याही कोष्टकाप्रमाणे दोघेही सडपातळ. परंतु शरीरातील मेद मोजला तेव्हा युडकिन ह्यांच्या शरीरात तो ९.१ टक्के निघाला आणि याज्ञिक ह्यांच्या शरीरात २१.२ टक्के, म्हणजे दुपटीहून अधिक. काट्याने दोघांना सारखे ठरविले होते, आणि आत इतके अंतर होते. आपल्या लोकांची ठेवणच अशी आहे: हाडामांसाने कमी, मेदाने जास्त, आणि तो मेदही पोटात, आतड्यांभोवती व यकृतात साठलेला. दंडावरचा किंवा मांडीवरचा मेद तितकासा उपद्रवी नव्हे. पोटातला मेद मात्र रक्तातील साखरेस ताब्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनचे काम बिघडवितो, आणि त्यातून मधुमेह, रक्तदाब व हृदयविकार ह्यांची वाट मोकळी होते.

हे कोठून सुरू होते, हे पाहण्यासाठी डॉ. याज्ञिक आणि त्यांचे सहकारी ह्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील स्त्रियांचा अभ्यास केला. ह्या स्त्रिया शेतात राबणाऱ्या. गर्भारपणापूर्वीचे त्यांचे वजन सरासरी ४२ किलोच्या आसपास. त्यांना झालेली बालके जन्मतः सुमारे २.७ किलोची होती. इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथील बालके सुमारे साडेतीन किलोची. आपली बालके लहान असणार हे कोणीही सांगितले असते. आश्चर्याची गोष्ट पुढे आहे. त्या लहानग्या देहात मांस कमी होते, पोटातील अवयव लहान होते. परंतु पाठीवरच्या कातडीखालचा मेद मात्र जवळजवळ इंग्रज बालकांच्या बरोबरीने टिकून होता. म्हणजे वरून कृश आणि आतून मेदयुक्त अशी ही ठेवण आपण आईच्या पोटातूनच घेऊन येतो. ज्या माता गर्भारपणी पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक खात होत्या, त्यांची बालके अधिक वजनाची व अधिक भरलेली होती, असेही ह्या अभ्यासात दिसून आले. ही गोष्ट ध्यानात ठेवावी; तिचे काम पुढे पडणार आहे.

ह्याच कारणास्तव आपल्या देशातील तज्ज्ञांनी २००९ साली आपल्यासाठी वेगळा दंडक ठरविला. बी.एम.आय. २३ झाला की वजन जास्त आणि २५ झाला की लठ्ठपणा. आणि त्याच्या जोडीला कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर व स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही मर्यादा. आपल्या टेपवर हे अनुक्रमे साडेपस्तीस व साडेएकतीस इंच होतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांत बी.एम.आय.प्रमाणे लठ्ठ ठरलेले प्रौढ २८.६ टक्के, तर पोटाच्या घेराप्रमाणे लठ्ठ ठरलेले ३९.५ टक्के होते. ह्या दोहोंमधील फरक ज्या लोकांचा, ते काट्यावर उभे राहून निश्चिंतपणे घरी जाणारे लोक होत.

आता माप कसे घ्यावयाचे हे मी आपणास शिकविणे म्हणजे सोनाराला कसोटी दाखविण्यासारखे आहे. परंतु येथे आपल्या धंद्याची सवयच आड येते, म्हणून सांगतो. पँट शिवताना आपण गिऱ्हाईक जेथे पँट बांधतो तेथे माप घेतो. पोट सुटत जाते तशी मनुष्याची पँट खाली सरकत जाते आणि पोटाच्या खाली बांधली जाते. त्यामुळे वीस वर्षांपूर्वी चौतीस नंबरची पँट घालणारा गृहस्थ आजही अभिमानाने चौतीसच सांगतो. नंबर खरा आहे, पण तो पोटाचा नव्हे. प्रकृतीसाठीचे माप शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ ह्यांच्या बरोबर मध्यावर घ्यावयाचे. टेप अंगाला लागून असावी, कातडीत रुतू नये. श्वास सहज सोडल्यावर माप वाचावे. पोट आत ओढून धरणाऱ्याचे माप आपण शिवणकामातही मानीत नाही. येथेही मानू नये.

आकडे लक्षात राहत नसतील त्यांच्यासाठी त्याहून सोपी युक्ती आहे. आपल्या उंचीइतका दोरा रिळातून तोडावा, तो मध्यावर दुमडावा, आणि त्या अर्ध्या दोऱ्याने पोटास वेढा घालून पाहावा. टोके जुळली तर ठीक. टोकांमध्ये अंतर राहिले, तर तेवढे पोट अधिक आहे. पोटाचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा हा नियम इंग्लंडच्या आरोग्य संस्थेनेही २०२२ साली स्वीकारला, आणि पाच वर्षांवरील मुलांनाही तो लागू पडतो. गर्भवती स्त्रियांना अर्थातच नाही.

ह्यानंतर मी ज्या गोष्टीकडे वळतो, ती माझ्या मते आजच्या विषयातील सर्वांत चिंतेची बाब आहे. आणि येथे समोर बसलेल्या माता व काकू-मावश्यांनी ती विशेष लक्षपूर्वक ऐकावी अशी माझी विनंती आहे.

लग्नसराईच्या महिना-दीड महिना आधी वधूचे ब्लाउज शिवावयास येतात. आपल्या भगिनींना हा अनुभव आहे की, आता पुष्कळ मुली माप दिल्यावर म्हणतात, “काकू, एक इंच आतच ठेवा, तोवर मी बारीक होणार आहे.” आणि मग ती मुलगी खरोखरच बारीक होते. सकाळी लिंबू-मध-पाणी, दुपारी काकडी, रात्री काहीच नाही. घरात कोणी बोलत नाही, कारण मुलाकडच्यांनी ‘मुलगी थोडी अंगाने आहे’ असे मध्यस्थामार्फत कळविलेले असते. आपल्या ज्ञातीत हुंड्याविरुद्ध ठराव होतात. वधूस काट्यावर उभी करण्याच्या ह्या नव्या रीतीविरुद्ध कोणी अवाक्षर काढीत नाही.

अशा उपासमारीने देहाचे काय होते हे अनुमानाने सांगण्याची आवश्यकता नाही. दुसरे महायुद्ध संपत आले असता, १९४४-४५ साली, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज ह्या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुणांवर, त्यांच्या संमतीने, एक प्रयोग केला. युद्धाने उपाशी झालेल्या युरोपातील लोकांना पुन्हा कसे सावरावे हे त्यास पाहावयाचे होते. त्या तरुणांस चोवीस आठवडे सुमारे पंधराशे-सोळाशे कॅलरींचे अन्न देण्यात आले. त्यांचे वजन चौथ्या हिश्शाने घटले. परंतु त्याबरोबर ते चिडखोर व खिन्न झाले, त्यांना सतत थंडी वाजू लागली, अन्नावाचून दुसरा विचार त्यांना सुचेना. कित्येक जण स्वयंपाकाची पुस्तके वाचीत बसत. पुढे मनसोक्त खावयास मिळाले तेव्हा ते अनावर खाऊ लागले, आणि अंगावर आधी परतला तो मेद, मांस मागाहून. आता विचार करा, त्या धडधाकट पुरुषांस उपासमार म्हणून जितके अन्न दिले, त्याहूनही कमी अन्नावर आपली लग्नाची मुलगी महिनाभर काढते!

पहिल्या आठवड्यात काटा झरझर खाली येतो आणि घरात आनंद होतो. परंतु हे जे जाते ते बहुतांशी पाणी होय. शरीरात साखरेचा एक राखीव साठा असतो. तो आपल्या वजनाच्या सुमारे तिप्पट पाणी धरून ठेवतो. अन्न तोडले की आधी हा साठा आणि त्याचे पाणी जाते. पुढे मेदाबरोबर मांसही झिजते. लग्न होते, मांडव परतणी होते, खाणे पूर्ववत होते, आणि गेलेले वजन परतते. पण ते मेद होऊन परतते. ब्लाउज उसवून सैल करावयास येतो तो त्यानंतर सहा महिन्यांनी.

आणि नेमक्या त्याच सुमारास पुष्कळ मुलींना दिवस जातात. आपल्या देशात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. त्यात ही उपासमारीची भर. आताच मी पुण्याजवळच्या खेड्यांतील मातांविषयी बोललो. गरिबीने जे त्या मातांच्या वाट्यास आले, ते आपण खात्यापित्या घरी, हौसेने, लग्नाच्या छायाचित्रासाठी घडवून आणीत आहोत. पोटी येणाऱ्या बालकाची ठेवण त्या महिन्या-दोन महिन्यांत बिघडत असेल, तर तो शालू फार महाग पडला. मुलाच्या आई-वडिलांनी वजनाविषयी बोलू नये, बोलल्यास मुलीच्या घरच्यांनी त्या स्थळास नम्रपणे नकार द्यावा, इतके धैर्य आपल्या मंडळाने दाखविण्यास हरकत नाही. आणि मुलीचे पोट खरोखरच दोऱ्यापेक्षा अधिक भरत असेल, तर त्याची तजवीज लग्नाआधी वर्षभर, खाऊनपिऊन, सावकाश करावी.

उपवासाचेही एक सांगितले पाहिजे. धर्मबुद्धीने केलेल्या उपवासाविषयी मला काही म्हणावयाचे नाही. परंतु वजन उतरते म्हणून जे आठवड्यास दोन-दोन उपवास धरतात, त्यांनी ताटात काय येते ते पाहावे. एकादशी अन् दुप्पट खाशी ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगीच रचली नाही. शंभर ग्रॅम साबुदाण्यात सुमारे साडेतीनशे कॅलरी, आणि तो जवळजवळ निव्वळ पिष्ट, प्रथिने नावाला. त्यात शेंगदाण्याचे कूट आणि तूप पडले की एक बशी खिचडी दोन भाकऱ्या व भाजीच्या जेवणाच्या तोडीची होते. शिवाय भाकरी पोटात तासन्‌तास टिकते. खिचडीनंतर दोन तासांत पुन्हा वेफर्सचा डबा उघडतो.

अन्नाविषयीच्या इतर समजुती झटपट उरकतो. साखरेऐवजी गूळ खाल्ल्याने वजन वाढत नाही, हे खरे नव्हे. वजनाच्या हिशेबात दोहोंत नावापुरताच फरक आहे. कोमट पाण्यातील मधाने मेद वितळत नाही. उलट एक मोठा चमचा मध म्हणजे साठएक कॅलरी पोटात जातात. भात खाल्ला की पोट सुटते, हेही अर्धसत्य. ज्वारी, गहू व तांदूळ ह्यांच्या शंभर ग्रॅम पिठात वा दाण्यात कॅलरी जवळजवळ सारख्याच. भाकरीचा गुण असा की, तिला तेल लागत नाही, तिच्यात चोथा अधिक असतो, आणि चार भाकऱ्या खाणारा मनुष्य विरळा. भात मात्र न कळत तिसऱ्यांदा वाढून घेतला जातो.

खरा चोर निराळाच आहे, आणि तो आपल्या दुकानात दिवसातून सहा वेळा उघडपणे येतो. गिऱ्हाईक आले की चहा, कापड आले की चहा, उधारी वसूल झाली की चहा, न झाली तरी चहा. कपास दोन चमचे म्हणजे सुमारे दहा ग्रॅम साखर धरली, तर सहा कपांत साठ ग्रॅम झाली. दिवसभरात वरून घातलेली साखर पंचवीस-तीस ग्रॅमपेक्षा अधिक नसावी असे तज्ज्ञ सांगतात. ह्या साठ ग्रॅमच्या २४० कॅलरी, म्हणजे एक संपूर्ण भाकरी, आपण जेवणात धरीतच नाही. चहा सोडा असे मी म्हणणार नाही. मंठ्यात राहून ते मलाही जमणार नाही. कप निम्मा करावा, चमचा एक करावा, आणि चहाबरोबरची बिस्किटे मात्र दुकानात आणूच नयेत.

आपल्याच मराठवाड्यात डॉ. जगन्नाथ दीक्षित ह्यांनी, कै. डॉ. श्रीकांत जिचकार ह्यांच्या विचारावरून, दिवसातून दोनच वेळा, प्रत्येक वेळी पंचावन्न मिनिटांच्या आत जेवावे व रोज पंचेचाळीस मिनिटे चालावे, असा प्रचार केला. तो घरोघर पोहोचला आहे. त्याविषयी मला वारंवार विचारतात. दिवसभराचे चरणे त्याने बंद होते हा त्याचा मोठा गुण आहे, आणि ज्यांस मानवते त्यांनी तो खुशाल आचरावा. परंतु मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांस विचारल्यावाचून जेवणाच्या वेळा बदलू नयेत; साखर एकदम खाली उतरून जिवावर बेतू शकते. गर्भवती व स्तनदा मातांसाठी आणि वाढत्या मुलांसाठी अशी पद्धत नव्हे. आणि दोन वेळा जेवावयाचे म्हणजे दोन्ही वेळा बुंदी-भजी खावयाची, असा अर्थ काहींनी काढला आहे, त्यास डॉक्टरांचा नाइलाज आहे.

आपल्या भागातील जुने जेवण वाईट नव्हते. ज्वारीची भाकरी, तुरीचे घट्ट वरण किंवा पिठले, अंबाडीची वा मेथीची भाजी, वाटीभर ताक. त्यात आपण भाकरी कमी केली नाही, वरण मात्र पातळ केले. मांस टिकवावयाचे तर डाळ, दूध, दही, आणि खात असाल तर अंडी, हे ताटात वाढले पाहिजे, आणि ते घरातील स्त्रीच्या ताटात आधी वाढले पाहिजे. सर्वांच्या मागून जेवणाऱ्या बाईच्या वाट्यास पातेल्याच्या तळचे पाणी व उरलेली भाकरी येते, मग तिचे हातपाय वाळतात आणि पोट वाढते, आणि आपण म्हणतो, “ही काही खात नाही, तरी हिचे पोट बघा!”

श्रमाविषयी थोडे. “आम्ही दिवसभर काम करतो, निराळा व्यायाम कशाला,” असे आपले बांधव म्हणतात. पायमशीन होती तेव्हाही ते काम घोट्यापासून खालचे होते. आता तर घरोघर मशीनला मोटार बसली आहे आणि पाय नुसता दाबून धरावयाचा असतो. कमरेत वाकून आठ-दहा तास बसणे हा थकवा आहे, व्यायाम नव्हे. घाम म्हणजे मेद वितळणे, हीही भ्रांतीच. घामाने पाणी जाते, तांब्याभर पाणी प्याल्यावर ते परत येते. पोटावर पट्टा बांधून पोट उतरत असते, तर आपल्या ज्ञातीने तसे पट्टे शिवून केव्हाच गडगंज पैसा मिळविला असता.

चालण्याचा गुण सांगणारा एक अभ्यास चेन्नईचा आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ व्यक्तींवर डॉ. रामचंद्रन ह्यांनी केलेल्या ह्या प्रयोगाचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. ज्यांस आहारात सुधारणा व रोज अर्धा तास चालणे एवढेच सांगितले होते, त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटले. आणि गंमत अशी की, त्यांचे वजन म्हणावे असे उतरलेच नव्हते! काटा हलला नाही, पण आतील काम सुधारले. महिनाभर चालून वजन उतरले नाही म्हणून पायताण कोपऱ्यात ठेवणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावे. चालण्याच्या जोडीला आठवड्यातून दोन-तीन दिवस उठाबशा, जोर किंवा भरलेली पाण्याची बादली उचलणे, असे मांसास ताण देणारे काही असावे. आणि दुकानात दर अर्ध्या तासाने मशीनवरून उठून दाराशी जाऊन यावे.

राहता राहिली औषधे. आता गावोगावी डबे विकले जातात, ‘महिन्यात आठ किलो’ म्हणून. विकणारा बहुधा आपल्याच नात्यातला असतो, त्यामुळे नाही म्हणणे कठीण जाते. सिब्युट्रामीन नावाचे एक वजन उतरविणारे औषध होते. हृदयास धोका दिसल्यामुळे २०१० साली ते अमेरिका व युरोप येथील बाजारातून काढले गेले आणि पुढे भारतातही त्यावर बंदी आली. तरीही ‘वनौषधी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या चूर्णांत तेच मिसळलेले परदेशातील तपासण्यांत वारंवार सापडले आहे. म्हणून ज्या डब्यावर घटक लिहिलेले नाहीत तो घरात आणू नये, मग तो मेव्हण्याने दिलेला का असेना. २०२५ पासून आपल्याकडेही वजन उतरविणारी नवी इंजेक्शने मिळू लागली आहेत. ती थोतांड नव्हेत; ज्यांस खरोखर आवश्यक आहेत त्यांस गुण येतो. परंतु ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावयाची, आणि बंद केल्यावर वजन पुष्कळ अंशी परतते हे जाणून घ्यावयाची. लग्नाच्या तारखेसाठी ती नव्हेत.

किती उतरवावे, हा शेवटचा प्रश्न. ज्यांचे वजन जास्त आहे त्यांनी आहे त्यातून पाच ते दहा टक्के उतरविले तरी साखर व रक्तदाब ह्यांत फरक पडतो. ऐंशी किलोच्या गृहस्थाने सहा महिन्यांत पाच-सहा किलो उतरवून ते टिकविले, तर मी त्यास शाबासकी देईन. विशीतील छायाचित्र भिंतीवर टांगून तसे होण्याचा हट्ट धरू नये. आणि जे सडपातळ आहेत पण पोट दोऱ्याबाहेर आहे, त्यांनी वजनाकडे पाहूच नये. चालावे, डाळ वाढवावी, आणि रक्त तपासून घ्यावे. तीस वर्षांवरील व्यक्तींचा रक्तदाब व साखर सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासतात. आई-वडिलांपैकी कोणास मधुमेह असेल, तर ही तपासणी वर्षातून एकदा चुकवू नये.

मंडळाच्या कार्यकर्त्यांनी माझ्या विनंतीवरून आज वजनकाटा आणलेला नाही. मंडपामागील खोलीत स्त्रियांसाठी व बाहेरच्या ओट्यावर पुरुषांसाठी टेप व दोऱ्याचे रीळ ठेवले आहे. माप घेणाऱ्या भगिनी आपल्याच आहेत. कोणाचा आकडा मोठ्याने वाचला जाणार नाही, चिठ्ठीवर लिहून ज्याचा त्याच्या हाती दिला जाईल. ज्यांची टोके जुळणार नाहीत त्यांचे रक्त तेथेच बोटातून तपासण्याची सोय केली आहे. जेवणानंतर साखर वाढलेली दिसते, म्हणून त्यांनी पंगतीस बसण्यापूर्वीच यावे. पहिली पंगत तेवढा वेळ थांबेल, असे अध्यक्षमहाराजांनी मान्य केले आहे.